वाइनच्या बाटलीतील वाटेकरी

पौष महिना लागला की निफाडचा पारा हा महाराष्ट्रातील वृत्तपत्रांचा नेमाचा विषय होतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तापमान पाच-सहा अंशांपर्यंत, क्वचित त्याहूनही खाली उतरल्याची नोंद होते आणि त्या रात्री द्राक्षबागांमधून शेकोट्यांचा धूर निघू लागतो. खाण्याची द्राक्षे पिकविणाऱ्या बागायतदाराला ही थंडी नको असते. तिच्यामुळे घडांची फुगवण थांबते आणि पाणी उतरलेले मणी तडकतात. म्हणून तो पहाटे बागेला पाणी सोडतो, ओळींमधून पालापाचोळा पेटवितो आणि जागरण करतो. परंतु त्याच जिल्ह्यात, त्याच रात्री, दिंडोरीच्या उतारांवर आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूच्या चढाच्या जमिनीवर उभ्या असलेल्या दुसऱ्या एका पिकाला थंड रात्र हवी असते. ते पीक म्हणजे पांढऱ्या वाइनची द्राक्षे.

यामागील शास्त्र समजण्यास अवघड नाही. द्राक्ष पिकू लागले की त्यात साखर वाढते आणि आम्लता घटते. रात्री उष्ण असतील तर वेल आपल्या मण्यांतील आम्ल झपाट्याने खर्च करून टाकतो आणि हाती येते ती केवळ गोड, बेचव वाइन. पांढऱ्या वाइनचा तजेला आम्लतेवर आणि सुगंधावर अवलंबून असतो. तो राखण्याचे काम थंड रात्री करतात. विषुववृत्तापासून अवघ्या वीस अंशांवरील प्रदेशात वाइन होऊ शकते याचे कारण एवढेच की नाशिकचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, पश्चिमेकडील सह्याद्रीच्या पायथ्याशी ते आणखी चढत जाते आणि घड पिकण्याचा काळ नेमका हिवाळ्यात येतो. तो तसा येतो हीदेखील निसर्गाची कृपा नव्हे. युरोपातील वेल हिवाळाभर झोपतो. नाशिकचा वेल झोपत नाही. त्याला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी देऊन शेतकरी त्याच्या वाढीचे वेळापत्रकच बदलून टाकतो. जानेवारी-फेब्रुवारीत पहाटेच्या गारव्यात तोडलेली ही द्राक्षे ऊन चढण्यापूर्वी कारखान्यात पोहोचावी लागतात. तेथे त्यांचा रस सालीपासून वेगळा करून पोलादी टाक्यांत कमी तापमानावर आंबविला जातो.

म्हणजे या बाटलीत चार गोष्टी एकत्र आलेल्या असतात: नाशिकच्या पठाराची थंडी, शेतकऱ्याचे कसब, मजुराचे हात आणि कारखानदाराचे भांडवल. यांपैकी थंडीवर कोणाची मालकी नाही. उरलेल्या तिघांमध्ये बाटलीच्या किमतीची वाटणी कशी होते, आणि ज्या शासनाने या धंद्याला गेली पंचवीस वर्षे जनतेच्या पैशाने हात दिला त्याने या वाटणीकडे कधी पाहिले आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

नाशिकच्या द्राक्षशेतीचा इतिहास सामान्यतः १९२५ पासून, ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांच्या बागेपासून सांगितला जातो. पुढील काळात निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतील शेतकऱ्यांनी कर्ज काढून, विहिरी खोदून, मांडव उभारून हे पीक नावारूपास आणले. वाइनची कल्पना या शेतकऱ्यांना नवी नव्हती. १९८० च्या दशकात पिंपळगाव बसवंत येथे सहकारी तत्त्वावर वाइन तयार करण्याचा प्रयत्न झाला होता. त्या काळी देशात वाइनला ग्राहक जवळजवळ नव्हता, करांचा बोजा जड होता आणि शासनाचे धोरणही नव्हते. तो प्रयत्न मूळ धरू शकला नाही. पुढे राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या परिसरात १९९७ च्या सुमारास सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या जातींची लागवड केली आणि २००० मध्ये ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. त्यांच्या धडाडीचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण त्यांच्यानंतर वर्षभरातच जे घडले ते पिंपळगावच्या सहकारी शेतकऱ्यांच्या नशिबी आले नव्हते हेही नोंदविले पाहिजे.

२००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. राज्यातील द्राक्षांपासून राज्यात तयार होणाऱ्या वाइनला उत्पादन शुल्कातून दहा वर्षांची सूट मिळाली. वायनरीला लघुउद्योगाचा दर्जा मिळाला. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे औद्योगिक विकास महामंडळाने वाइन पार्क उभारले. पुढे २००९ पासून वाइनवरील २० टक्के मूल्यवर्धित करापैकी १६ टक्के रक्कम उत्पादकांना परत देण्याची योजना आली आणि जानेवारी २०२४ मध्ये ती आणखी पाच वर्षे चालू ठेवण्यास मंत्रिमंडळाने मान्यता दिली. या प्रत्येक निर्णयाच्या वेळी दिले गेलेले कारण एकच होते: द्राक्ष उत्पादक शेतकऱ्याचे हित.

कारण चांगले आहे. तेव्हा त्याच कारणाच्या कसोटीवर या धोरणाचा हिशेब मांडावयास हरकत नसावी.

पाऊण लिटरच्या एका बाटलीस साधारणपणे सव्वा किलो द्राक्षे लागतात. हिशेबासाठी किलोला पन्नास रुपये हा भाव धरला, तर बाटलीत शेतकऱ्याची बासष्ट-त्रेसष्ट रुपयांची द्राक्षे आहेत. तीच बाटली दुकानात आठशे-हजार रुपयांना विकली गेली, तर बागेचा वाटा शंभर रुपयांत सहा ते आठ रुपये होतो. या साठ रुपयांतूनच औषधफवारणी, खते, मांडवाचा आणि ठिबकचा घसारा, बँकेचे व्याज आणि मजुरी भागवावयाची आहे. आता याच बाटलीवरील मूल्यवर्धित करातून उत्पादकाला परत मिळणाऱ्या १६ टक्क्यांचा विचार करावा. कराची आकारणी चारशे रुपयांवर झाली असे मानले, तरी परतावा चौसष्ट रुपये होतो. म्हणजे शेतकऱ्याला त्याच्या सर्व द्राक्षांबद्दल कारखाना जेवढे देतो, जवळजवळ तेवढेच सरकारी तिजोरी कारखान्याला देते! गृहीत धरलेले आकडे थोडे मागेपुढे केले तरी या हिशेबाचे स्वरूप बदलत नाही.

कारखान्याला खर्च नसतो असे कोणी म्हणणार नाही. टाक्या, शीतकरण, बाटल्या, बुचे, साठवण, वाहतूक, विक्रेत्याची दलाली, निरनिराळ्या राज्यांचे निरनिराळे कर यांत मोठी रक्कम जाते. नव्या उद्योगास आरंभी आधार द्यावा हेही अर्थशास्त्रास मान्य आहे. आक्षेप सवलतीला नाही. सवलत बिनशर्त असण्याला आहे. ज्याच्या नावाने ती दिली जाते त्याला तिच्यापैकी किती पोहोचते, हे विचारण्याची तरतूद धोरणात कोठेही ठळकपणे आढळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ‘सुला’चे भाग शेअर बाजारात आले. सुमारे ९६० कोटी रुपयांची ती विक्री संपूर्णपणे जुन्या भागधारकांच्या भागांची होती. त्यात बेकायदेशीर असे काही नाही. भांडवली बाजाराची ती नेहमीचीच रीत आहे. परंतु दोन दशकांच्या करसवलतींनी वाढलेल्या धंद्याचे मोल जेव्हा एकरकमी रोख झाले, तेव्हा ते कोणाच्या हाती पडले आणि कोणाच्या हाती पडले नाही, हे त्या दिवशी स्पष्ट दिसले.

शेतकऱ्याच्या दुबळेपणाचे मूळ पिकाच्या स्वरूपातच आहे. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो. तो मुंबईच्या फळबाजारात कोणी घेत नाही, त्याचा बेदाणा होत नाही आणि निर्यातीच्या पेटीतही त्याला स्थान नाही. त्याला एकच गिऱ्हाईक, ते म्हणजे वायनरी. अर्थशास्त्रात याला एकग्राहकी बाजार म्हणतात. खाण्याच्या द्राक्षांच्या व्यापारात लबाडी कमी नाही. रात्रीतून पसार होणाऱ्या व्यापाऱ्यांनी बुडविलेल्या कुटुंबांची संख्या नाशिक जिल्ह्यात थोडी नाही. तरी तेथे एक व्यापारी नको वाटला तर दुसरा पाहता येतो. वाइनच्या बागेत तेही नाही. वेल लावल्यापासून भरपूर उत्पन्न येईपर्यंत दोन-तीन वर्षे जातात आणि पुढे पंधरा-वीस वर्षे जमीन त्या पिकाला बांधली जाते. शेतकऱ्याची गुंतवणूक वीस वर्षांची आणि गिऱ्हाइकाचा शब्द मात्र हंगामापुरता, अशी ही विषम सोयरीक आहे.

तिचा अर्थ काय होतो ते २००८ नंतरच्या तीन वर्षांत दिसून आले. धोरणाच्या उत्साहात नाशिक आणि सांगली परिसरात वायनरी भराभर उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या भरवशावर शेतकऱ्यांनी खाण्याच्या बागा मोडून वाइनच्या जाती लावल्या होत्या. त्यातच जागतिक मंदी आली. नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर मोठ्या हॉटेलांची गिऱ्हाइकी आटली. टाक्यांत वाइन पडून राहिली, लहान वायनरी बंद पडल्या, एक मोठी जुनी कंपनी कर्जाखाली कोसळली. कारखान्यांनी द्राक्षे उचलण्याचे थांबविले. ज्यांच्याकडे लेखी करार होते त्यांनाही न्यायालयात जाण्याइतका वेळ आणि पैसा नव्हता. तोडणीला आलेला घड खटल्याच्या तारखेची वाट पाहत नाही. अखेर अनेकांनी आपल्या हातांनी लावलेल्या बागा आपल्याच हातांनी उपटून काढल्या. कारखानदारांच्या मदतीसाठी कर-परताव्याची योजना याच काळात आली. बाग उपटलेल्या शेतकऱ्याच्या परताव्याची योजना मात्र आजतागायत आलेली नाही.

यावर उत्तर दिले जाईल की त्या संकटातून धंदा शहाणा झाला आहे; आता मोठ्या वायनरी शेतकऱ्यांशी दीर्घ मुदतीचे करार करतात, चांगल्या प्रतीला अधिक भाव देतात आणि शेतकरी आपखुशीने या पिकाकडे येतात. यात तथ्य आहे. गारपीट आणि अवकाळी पावसाने खाण्याच्या बागांची जी दैना वारंवार होते ती पाहता, ठरलेल्या भावाचे गिऱ्हाईक कोणास नको आहे? परंतु चांगला करार ही आज मालकाची मर्जी आहे. तो उत्पादकाचा हक्क झालेला नाही. ऊस उत्पादकाचे उदाहरण घ्यावे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ अन्वये उसाला किमान दर ठरवून दिलेला असतो, ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि विलंब झाल्यास वर्षाला १५ टक्के दराने व्याज लागते. कारखानदार हा कायदा पुष्कळदा मोडतात, तरी मोडला असे म्हणावयास कायदा तरी आहे. ऊस तोडला की त्याला जवळचा कारखाना हेच गिऱ्हाईक असते, म्हणून हे संरक्षण दिले गेले. वाइनच्या द्राक्षाची स्थिती हुबेहूब तीच असताना त्याला मात्र मुक्त बाजाराची तत्त्वे ऐकविली जातात.

शेतकऱ्याच्याही खाली आणखी एक वाटेकरी आहे आणि त्याचे नाव तर धोरणाच्या भाषेतही येत नाही. नाशिकच्या द्राक्षबागा ज्यांच्या हातांवर चालतात ते मजूर पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील आदिवासी आहेत. भाताची कापणी संपली की ही कुटुंबे पोराबाळांसह खाली उतरतात. गिरणारे येथे सकाळी भरणारा मजुरांचा बाजार ज्याने पाहिला आहे त्याला या जिल्ह्याच्या समृद्धीची दुसरी बाजू समजावून सांगावी लागत नाही. छाटणी, काडी बांधणी, विरळणी, फवारणी, तोडणी ही कामे टोळ्या उक्ती घेतात. उक्त्या कामात किमान वेतनाचा हिशेब लागत नाही, स्त्रियांच्या कामाची वेगळी मोजदाद होत नाही, फवारणीत अंगावर उडणाऱ्या औषधांची नोंद कोणी ठेवत नाही. गंगापूर धरणाच्या काठी शनिवार-रविवारी मुंबईहून येणारी मंडळी ज्या हिरव्या ओळींकडे पाहून प्रसन्न होतात, त्या ओळींतील एकेक काडी सुरगाण्याच्या हातांनी बांधलेली असते. बागायतदार मजुराला कमी देतो हे खरे. पण साठ रुपयांतून तो किती देऊ शकेल हाही प्रश्न आहे. वरचा हिशेब सुधारल्यावाचून खालचा हिशेब सुधारणे कठीण, आणि वरचा सुधारला म्हणून खालचा आपोआप सुधारेल असेही नाही. दोन्हींसाठी वेगवेगळे लढावे लागेल.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. विरोधी पक्षाने ‘मद्यराष्ट्र’ असा पुकारा केला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, डॉ. अभय बंग यांच्यासारख्या दारूमुक्तीच्या कार्यकर्त्यांनी आक्षेप नोंदविले आणि निर्णय अमलात आला नाही. वाइन ही दारू नव्हे, असा युक्तिवाद त्या वेळी सरकारच्या बाजूने करण्यात आला. तो टिकणारा नाही. बारा-तेरा टक्के मद्यार्क असलेले पेय दारूच आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने राज्यावर टाकलेली जबाबदारी द्राक्षाचे नाव घेतल्याने टळत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे ज्या कार्यकर्त्यांनी वस्त्यांमधून पाहिली आहेत, त्यांना हे सांगावयास नको.

मात्र त्या वादातील दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सोईस्करपणे बाजूला ठेवली. विक्री वाढली की शेतकऱ्याचे उत्पन्न वाढते, असे सरकार गृहीत धरून चालले होते. वरील वाटणी कायम असताना विक्री दुप्पट झाली तरी शेतकऱ्याचा किलोमागील भाव एक पैशानेही वाढण्याचे कारण नाही. दुसऱ्या बाजूस, विरोध करणाऱ्या पक्षाला दारूचा महसूल सत्तेवर असताना कधी कडू लागला नव्हता. वाइनला मिळणारा कर-परतावा पुढे २०२४ मध्ये चालू ठेवणाऱ्या सरकारात तोच पक्ष होता. दुकानातील फळी चर्चेचा विषय झाली आणि बागेतील भाव विसरला गेला. शेतकऱ्याचे नाव घेऊन सवलत मागावी आणि नीतीचे नाव घेऊन सत्ताधाऱ्यांना अडवावे, असा तो खेळ होता. बागेत काम करणारा माणूस दोघांच्याही लेखी निमित्तमात्र ठरला.

या प्रश्नाला दुसरे उत्तर असू शकते काय? एकशेवीस वर्षांपूर्वी दक्षिण फ्रान्समधील शेतकऱ्यांपुढे हाच पेच होता. वाइनचे भाव कोसळलेले, व्यापारी भेसळ करणारे आणि लहान शेतकरी कर्जात बुडालेला. मारोसाँ नावाच्या खेड्यातील शेतकऱ्यांनी १९०१ मध्ये एकत्र येऊन ‘स्वतंत्र द्राक्षउत्पादक’ अशा नावाची सहकारी संस्था काढली आणि आपली वाइन थेट पॅरिसमधील कामगारांच्या ग्राहक-सहकारी संस्थांना विकण्यास आरंभ केला. १९०५ मध्ये समाजवादी नेते जाँ जोरेस यांनी तेथे जाऊन त्या प्रयोगाचे स्वागत केले. १९०७ मध्ये त्याच प्रदेशात द्राक्षउत्पादकांचा प्रचंड उठाव झाला आणि सरकारला भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. पुढील अर्धशतकात दक्षिण फ्रान्सच्या गावोगाव सहकारी वाइन-कोठारे उभी राहिली. उत्पादकाने केवळ कच्चा माल न विकता प्रक्रियेचीही मालकी घ्यावी हा विचार महाराष्ट्राला परका नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी तोच विचार साखरेत उतरविला होता. पुढे सहकाराचे काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु तो ऱ्हास घराणेशाहीचा आणि लेखापरीक्षणाच्या अभावाचा आहे. शेतकरी कारखाना चालवू शकत नाही असे त्यावरून सिद्ध होत नाही. परदेशांत द्राक्ष पाठविणारी ‘महाग्रेप्स’ ही उत्पादक संस्थांची भागीदारी १९९१ पासून उभी राहिली ती याच जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या बळावर.

आणि वेळ फार नाही. परदेशी वाइनवरील १५० टक्के आयात शुल्काच्या भिंतीआड हा धंदा वाढला. डिसेंबर २०२२ मध्ये अमलात आलेल्या ऑस्ट्रेलियाबरोबरच्या कराराने त्या भिंतीला पहिली खिंड पडली आहे. ठरावीक किमतीवरील वाइनचे शुल्क दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरत जाणार आहे. स्पर्धा वाढली की कारखानदार आपला नफा सहसा प्रथम कमी करीत नाही. तो प्रथम द्राक्षाचा भाव कमी करतो. २००८ मध्ये जे अचानक घडले ते आता वेळापत्रकानुसार घडू शकते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, वाइनच्या द्राक्षाला जातवार आणि प्रतवार किमान दर दर हंगामापूर्वी जाहीर व्हावा आणि उसाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन यावे. दुसरी, कराचा परतावा मागणाऱ्या प्रत्येक वायनरीने शेतकऱ्यांची देणी फेडल्याचा आणि किमान वेतन दिल्याचा दाखला जोडावा. दाखला नसेल तर परतावा नाही. तिसरी, करार किमान वेलाच्या आयुष्याशी मिळताजुळता असावा, त्याची नोंद तालुक्याच्या ठिकाणी व्हावी आणि तंटा हंगाम संपण्यापूर्वी मिटविणारी यंत्रणा असावी. चौथी, बंद पडलेल्या वायनरी आणि वाइन पार्कमधील रिकामी जागा उत्पादकांच्या संस्थांना प्राधान्याने मिळावी. पाचवी, पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या मजुरांची नोंदणी व्हावी, उक्त्या कामाचे दर किमान वेतनाशी जोडले जावेत आणि फवारणी करणाऱ्यांच्या आरोग्यतपासणीचा खर्च या उद्योगावर पडावा. दारूच्या प्रसाराला विरोध आणि या मागण्या यांत विसंगती नाही. जोवर हे पेय कायद्याने तयार होते आणि विकले जाते, तोवर ते कोणाच्या पिळवणुकीवर तयार होऊ नये, एवढेच येथे म्हणणे आहे.

हे काम मुंबईतील परिसंवादांनी होणार नाही. दिंडोरी, निफाड आणि इगतपुरी तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी गोडी छाटणीच्या आधी गावोगाव बसून करारांच्या प्रती जमवाव्यात, कोणाचे किती पैसे किती दिवस थकले याची यादी करावी आणि गिरणाऱ्याच्या बाजारात उभे राहून उक्त्या कामाचे दर नोंदवावेत. बागायतदार आणि मजूर यांना एकाच बैठकीत बसविणे सोपे नाही, कारण त्यांचे हितसंबंध सर्वस्वी एक नाहीत. पण बाटलीचा हिशेब दोघांपुढे एकत्र मांडला, तर आपापसांत कशासाठी भांडावयाचे आणि दोघांनी मिळून कोणाकडे काय मागावयाचे, हे त्यांना कळण्यास वेळ लागणार नाही. येत्या हंगामातील पहिला घड तोडला जाण्यापूर्वी ही यादी तयार असली पाहिजे.